जड गिअर

मी आधी त्याच्या पाठीच्या प्रेमात पडले. लोक डोळ्यांच्या प्रेमात पडतात, गालावरच्या खळीच्या पडतात, गेला बाजार मिशीच्या तरी पडतात. माझ्या वाट्याला पाठ आली, आणि तीही धड दिसत नव्हती. उंच, काळसर असं काहीतरी, त्यावर पावसाळी कोटाची ओली चमक... एवढंच.

दोष माझ्या डोळ्यांचा. काही वर्षांपूर्वी त्यांनी कडेकडेनं संप पुकारला आणि आता मधोमध जे उरलंय ते वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखं. उजेड कळतो, आकार कळतात. समोर माणूस आहे की खांब हे माणूस हलला तर कळतं. उरलेला उजेडही फार दिवस पुरायचा नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. डोळे अधू झाले की लोकांना वाटतं कानही गेले. मी सगळं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

असं दाखवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी फोनवर असते. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, शेजाऱ्याला येतं मग आम्हाला का नाही... मी "हो, नोंदवून घेते" म्हणते. घरी आई, दादा आणि वहिनी. तिथे मला बसून राहण्यापलीकडे काम नव्हतं. मी सुरी हातात घेतली की आई ती काढून घ्यायची. सगळे आपल्यासाठी एवढं करतात म्हटल्यावर माणूस कुरकुर तरी कुठल्या तोंडानं करणार? मी केलीच नाही कधी. चहात साखर नसली तरी मुकाट प्यायचे.

रविवारची सकाळ तेवढी माझी असायची. जुन्या तरण तलावामागच्या मैदानात दृष्टी गेलेल्या माणसांसाठी सायकलीचा क्लब चालायचा. दोन सिटांच्या लांबलचक सायकली. पुढे डोळस माणूस, त्याच्या हातात हँडल, ब्रेक आणि गिअर. मागे आमच्यासारखा. त्याच्याकडे फक्त पाय. दोघांची पॅडल्स एकाच साखळीला जोडलेली. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरणारच, एक थांबला की दुसऱ्याला थांबावंच लागणार. तिथे सगळे एकमेकांना पुढचे आणि मागचे म्हणायचे, आणि क्लब चालवणाऱ्या निवृत्त कवायत-शिक्षकांना मास्तर.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ गळत होतं. निम्मी माणसं आलीच नव्हती. माझ्या पुढच्या बाईंना ताप, आणि कुणा एका पुढच्याचे मागचे आजोबा मुलीकडे राहायला गेलेले. मास्तर वैतागून ओरडले, "उरलेसुरले कोण? तुम्ही? आणि तुम्ही? बसा एकीवर, उगाच भिजत उभे राहू नका."

अशी आमची जोडी जमली. उरल्यासुरल्यांची.

"मागच्या बाई, बसलात का?" आवाज वरून आला. म्हणजे गृहस्थ उंच होते.

"बसले. पण माझी सीट जरा खाली घ्याल का? थांबल्यावर पाय टेकले पाहिजेत माझे."

"थांबल्यावर मी धरतो की सायकल. मागच्यानं पाय टेकायचेच नसतात."

"तुम्ही धराल हो. पण धरलीत की सोडलीत हे मला कुठे दिसतंय?"

तो हसला. वाद न घालता खाली वाकला, सीट खाली केली आणि म्हणाला, "घ्या. आता जमीन तुमची."

मला ते फार आवडलं. माझ्याशी वाद न घालणारी माणसं सहसा कीव करत असतात. याच्या आवाजात कीव नव्हती.

पुढच्यानं रस्ता बोलून सांगायचा असतो. खड्डा, वळण, थांबतोय, निघतोय. बाकीचे पुढचे तेवढंच सांगायचे. याचं मात्र कालव्याच्या कडेनं निघालो तेव्हापासून तोंड मिटेना.

"खड्डा... गेला. डावीकडे वळण. समोरून एक गृहस्थ येतायत, छत्री पार उलटी झालीय, पण चेहरा असा की जणू छत्र्या अशाच असतात."

"आणि आभाळ?"

"आभाळ... मास्तरांच्या तोंडासारखं."

"म्हणजे अजून पडणार."

"तुम्हाला दिसतं की बरंच!"

मी हसले तशी सायकल डुगडुगली. "हसा, पण सरळ हसा," तो म्हणाला. त्याच्या कोटाला यंत्राच्या तेलाचा आणि साबणाचा असा मिसळून वास येत होता. कितीही घासलं तरी हातचं काम लपत नाही, तसा.

लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा तो. "गंमत बघा," एकदा म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी कायम जिनाच. लिफ्ट चालू असेल तर मला बोलावतंय कोण?"

आजोबा मुलीकडेच राहिले. माझ्या पुढच्या बाई बऱ्या झाल्या, तोवर मास्तरांनी त्यांना दुसरीकडे बसवलं होतं. मी आतून देवाचे आभार मानले आणि वरून "चालेल, माझी काही हरकत नाही" म्हटलं. तोही तेच म्हणाला. आम्ही दोघंही अगदी शहाणी मुलं.

पुलाखाली आम्ही पाणी प्यायला थांबायचो. तो मागे न बघता बाटली खांद्यावरून पुढे करायचा आणि ती घेताना माझी बोटं त्याच्या बोटांवर पडायची. पहिल्यांदा चुकून पडली. नंतर मला बाटली नेमकी सापडायची, आणि तरी बोटं तिथेच जायची... आणि त्याचीही बाटली सोडायची घाई दिवसेंदिवस कमी होत गेली.

"मागच्या बाई, तुम्ही बाटली घेताय की माझा हात?"

"मला दिसत नाही हो."

"सोयीचं आहे तुमचं."

घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहायचे. त्यात मला काही दिसत नाही हे विसरून.

आता दुखण्याचं सांगते. क्लबात नवी असताना एक पुढचा दुसऱ्याला म्हणाला होता, "आज मागे नुसतं पोतं बांधल्यासारखं वाटलं." माझ्याबद्दल म्हणाला की आणखी कुणाबद्दल, देव जाणे. मी ते अंगाला लावून घेतलं. घरी पोतं आहेच मी, सायकलवर तरी व्हायचं नाही. याच्यामागे बसायला लागल्यापासून तर हट्टच धरला. जीव खाऊन पॅडल मारायचे. थोड्या वेळानं पुढे कट् असा आवाज यायचा आणि पॅडल जड व्हायचं. म्हणजे याला जड गिअर आवडतो तर! मग मी आणखी जोर लावायचे. पुन्हा कट्. पाय चिखलातून फिरवल्यासारखे हळूहळू फिरायचे, मांड्या भरून यायच्या आणि मी म्हणायचे, मस्त चाललंय.

पावसाळी दिवस लांबत गेले तसा माझा उजवा गुडघा बोलायला लागला. वाटीच्या खाली, अगदी समोर. आधी फक्त जिना उतरताना. मग कचेरीत तासन् तास बसून उठताना. मग चढावर, सायकलवरच. मी ओठ चावून चालवत राहायचे, कारण मास्तरांचा नियम सगळ्यांना पाठ होता. ज्या जोडीत एकाचाही गुडघा दुखेल ती जोडी मोडायची. "माणूस भिडेपोटी खोटं बोलतो, गुडघा बोलत नाही," असं ते म्हणायचे. आता या गुडघ्यानं खरं बोलून माझा रविवार घालवायचा, हे मला चालणार नव्हतं. आठवड्यात तेवढाच वेळ कुणी माझ्याशी 'सांभाळून गं' न म्हणता बोलायचं. तेवढाच वेळ तो असायचा.

मलम लावायचे आणि वरून पट्टा बांधायचे. एका सकाळी वहिनीनं तो पट्टा पाहिला.

"हे काय? गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या मुली ऐकल्या होत्या, पट्टा बांधलेली पहिलीच."

"वहिनी, हळू! आई ऐकेल."

"कोण आहे तो?"

"कोण कोण? गुडघा दुखतोय माझा."

"गुडघा दुखत असता तर घर डोक्यावर घेतलं असतंस. लपवतेयस म्हणजे कुणीतरी आहे."

वहिनीपुढे कुणाचं काही चालत नाही. तिनं मला ओळखीच्या फिजिओबाईंकडे नेऊन घातलं. आमच्या क्लबच्या लोकांनाही त्याच बघतात, हे तिथे पोचल्यावर कळलं. पळून जायचं मनात आलं, पण गुडघा दुखत असताना पळणार कशी?

मोठी खोली, मलमाचा वास, ओळीनं खाटा आणि मधे जाड पडदे. मला एका खाटेवर झोपवून बाईंनी मांडीवर शेकायची पिशवी ठेवली.

"कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवा. समोर? बाहेरच्या अंगाला नाही? मागे, लवणीत?"

"नाही, समोरच."

"मागे दुखत असतं तर म्हटलं असतं सीट फार उंच आहे. बाहेरून दुखत असतं तर पाऊल पॅडलवर वाकडं पडतं का ते बघितलं असतं. समोर दुखतंय. सीट खाली आहे?"

मी मान डोलावली.

"का हो इतकी खाली? गुडघा नको तितका दुमडतो आणि वाटीवर भार येतो त्यानं. आणि गिअर? जड?"

"गिअर पुढचेच ठरवतात. त्यांना जडच आवडतो."

"मग सांगायचं नाही का, हलका करा म्हणून?"

"कसं सांगायचं? त्यांना वाटेल, मागे पोतं बसलंय."

पडद्यापलीकडे खाट करकरली.

"कोण म्हणतं मला जड आवडतो?"

तो आवाज मी हजारात ओळखला असता. आजवर तो नेहमी समोरून यायचा, आज डावीकडून आला एवढाच फरक. मी उठून बसले आणि शेकायची पिशवी धपकन खाली पडली.

"तुम्ही? तुम्ही इथे काय करताय?"

"तुम्ही करताय तेच. अहो, मी गिअर जड करत गेलो, कारण तुम्ही पॅडल असं मारायचात की माझ्या पायाखालून पळायचं! म्हटलं, बाईंना हलक्यावर मजा येत नाही."

"मी जोर लावायचे, कारण मला वाटायचं तुम्हाला मला ओढावं लागतंय!"

"आणि मला वाटायचं तुम्हाला वेग हवाय."

"मला नको होता वेग."

"मलाही नको होता."

फिजिओबाई म्हणाल्या, "छान. दोघांचीही अक्कल गुडघ्यात, आणि गुडघे माझ्या खाटेवर."

मी हसत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं. याला रविवार हवा होता. माझ्याइतकाच हवा होता. दुखत असूनही तो बोलला नव्हता, आणि कशासाठी नव्हता बोलला हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी अशी सुखी यापूर्वी कधी झाले होते ते आठवेना.

पण सुख फार टिकलं नाही. बाई पडद्यापलीकडे गेल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. माझे कान चांगले आहेत हे मागे सांगितलंच.

"तुमचं नुसतं सायकलचं नाही. इतकी वर्षं जिने, गुडघ्यावर बसून काम, त्यात हा जड गिअर. वाटीखालचं अस्तर झिजलंय. त्यांचा गुडघा विश्रांतीनं आणि व्यायामानं बरा होईल. तुमचा... सांभाळावा लागेल. सायकल आता बंद. जिनेही कमी करा."

"जिने कमी केले तर खाऊ काय, बाई?"

"ते मी कसं सांगू? मास्तरांना मात्र सोमवारी सांगावं लागेल मला."

सोमवारी. म्हणजे मधे एक रविवार होता. बाहेर पडताना तो माझ्या शेजारी येऊन थांबला आणि पुटपुटला, "एकदाच. हलक्या गिअरवर. सीटही वर करू." मी नको म्हणायला हवं होतं. पण मलाही हवं होतं, आणि वहिनी रिक्षा बघत होती.

त्या रविवारी मी पहिल्यांदा पाय न टेकता बसले. सीट इतकी वर की दोन्ही पाय अधांतरी. "धरलीय मी," तो म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला. निघालो. पॅडल पाण्यातून फिरावं तसं हलकं फिरत होतं. कुणी कुणाला ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. झिमझिम चालू होती. माझा गुडघा गप्प होता आणि तो बोलत होता, कालव्यात बदकं आहेत, एक बदक रागावलंय, दुसरं मनवतंय...

"दुसरं कोण, नर की मादी?"

"जो शहाणा तो."

पुलाच्या चढावर मला ते जाणवलं. आमची साखळी एक. त्याच्या उजव्या पायाचा जोर हळूहळू कमी झाला आणि मग नाहीसाच झाला. उजवीकडचं पॅडल माझ्या एकटीच्या जोरावर खाली जात होतं. तोंडानं त्याची बदकं चालूच होती, पण शब्दांच्या मधे श्वास तुटत होता.

"थांबा," मी म्हटलं.

"अहो, काही झालं नाही. आलोच वर."

"थांबा म्हणतेय ना."

"थोडंच राहिलंय..."

"उतर! उतर आधी खाली!"

तो थांबला. सायकल धरली, मला उतरवलं आणि मग कठड्याला टेकून उभा राहिला. त्याचा श्वास ऐकूनच मला कळलं की किती दुखतंय. मी त्याला अरे-तुरे केलं होतं आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नव्हतं. आम्ही भिजत, सायकल हातात धरून चालत परत आलो. सगळ्या रस्त्यात तो एकदाही खड्डा म्हणाला नाही.

मास्तरांनी जोडी मोडली. रागावले नाहीत, त्यामुळे आणखी वाईट वाटलं. मैदानाच्या फाटकाशी तो मला म्हणाला, "तू चालवत राहा हं. माझ्यापायी थांबू नकोस. चांगले पुढचे देतील तुला."

मी काय म्हणावं? मनात नको, नको असं चाललं होतं. पण इतकी वर्षं जिभेला वळण लागलेलं.

"बरं," मी म्हटलं.

"बरं," तोही म्हणाला, आणि लंगडत गेला. मी उभी राहून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले, एक जड आणि एक हलकं. नंतर गाड्यांच्या आवाजात तो मिसळून गेला.

मला नव्या पुढच्या बाई मिळाल्या. शाळेत खेळ शिकवायच्या. शिस्तीच्या, नीटनेटक्या. हलका गिअर, उंच सीट, ठरलेला वेग. खड्ड्याला खड्डा म्हणायच्या आणि वळणाला वळण. व्यायाम केले, शेकलं, आणि माझा गुडघा बरा झाला. फिजिओबाईंनी पाठ थोपटली. आईनं पहिल्यांदा मला एकटीला जिना उतरू दिला. सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! मी रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. बरं झालेलं माणूस रडतंय म्हटल्यावर लोक कारण विचारणार, म्हणून आवाज न करता.

तो क्लबात आला नाही. फोनही केला नाही. मीही केला नाही. त्याला कंटाळा आला असेल, त्याला दुसरं काम असेल, त्याला सुटल्यासारखं वाटत असेल... मी रोज त्याच्या वतीनं एक नवीन कारण शोधायचे आणि त्या कारणाचा मान राखून गप्प बसायचे. उजेडही आताशा आणखी मळकट व्हायला लागला होता. सकाळ झाली की संध्याकाळ हे खिडकीकडे बघून कळेना, तेव्हा मला भीती वाटली. त्याला मी हे कधीच सांगितलं नव्हतं, आणि आता ज्याला सांगावंसं वाटत होतं तो एकटा तोच होता.

शेवटी वहिनीच कडाडली. "भीड भिकेची बहीण, ऐकलंयस का कधी? तू अशी बसलीस तर तुला कुणी काही देणार नाही. ऊठ."

तिनं मास्तरांकडून पत्ता काढला आणि त्याच्या इमारतीखाली मला सोडलं. "मजले मोजत बसू नकोस, अगदी वरच्या टोकाला आहे एवढं ध्यानात ठेव. मी इथे थांबते. आणि लवकर येऊ नकोस."

लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी कठड्याला धरून चढत गेले. जिन्यात ओल होती, कुणाच्या तरी घरात भांडी घासण्याचा आवाज होता. एका वळणावर माझी काठी मऊ कशाला तरी लागली.

"अगं हळू, माझाच पाय आहे," आवाज आला. यावेळी खालून. तो पायरीवर बसला होता.

"असा मधेच का बसलायस?"

"खाली निघालो होतो. उतरताना जास्त दुखतं. थोडा उतरतो, थोडा बसतो... तू इथे कशी? आज तर सायकल असते तुझी."

मी चाचपडत त्याच्या शेजारी बसले. इतके दिवस एका सायकलवर बसून आम्ही कधी शेजारी बसलो नव्हतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि मला वाटलं, उठूच नये आता.

"तुझ्याकडे खोक्यांचा वास येतोय," मी म्हटलं. "नव्या पुठ्ठ्याचा."

"सामान बांधतोय. कंपनीनं बदली दिली. दुसऱ्या गावच्या गोदामात. सुटे भाग मोजून द्यायचे, बसून काम. जिने नाहीत. गुडघा असा म्हटल्यावर इथे काही उपयोग नाही माझा."

"कधी जायचंय?"

"उद्याच. सोमवारी."

"मला कधी सांगणार होतास?"

खाली कुठेतरी दार आपटलं.

"मास्तर म्हणाले, तुझा गुडघा बरा झाला," तो हळूच म्हणाला. "नव्या बाईंबरोबर छान जमतंय म्हणाले. म्हटलं, चांगलं चाललंय तिचं, आपण कशाला मधे..."

मग मात्र मी भडकले. माझ्या आयुष्यात मी अशी कधीच भडकले नव्हते आणि मला ते फार बरं वाटलं.

"दुसऱ्याला काय हवंय हे आपलं आपणच ठरवायचं, आणि मग त्याच्यासाठी मरेस्तोवर पॅडल मारायचं! एकदा गुडघे घालवून झाले दोघांचे. आता काय घालवायचंय? मला नाही जमत नव्या बाईंबरोबर. त्या खड्ड्याला नुसतं खड्डा म्हणतात. मला तू हवा आहेस. सायकलवर असलास तरी, नसलास तरी. हे मी तेव्हा फाटकाशी म्हणायला हवं होतं आणि मी बरं म्हटलं. मला बरं वाटलेलंच नव्हतं!"

वर कुणीतरी दार उघडून ऐकत होतं. ऐकू दे.

"आणि आणखी एक," मी म्हटलं. "माझा उरलेला उजेड जाणार आहे. लवकरच. मला त्याची फार भीती वाटते. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. आता तू बोल. जे खरं आहे ते. माझी भीड नको ठेवूस."

त्यानं माझा हात शोधून घेतला. मधे बाटली वगैरे काही नव्हतं. त्याचा तळवा खरखरीत होता आणि घामेजला होता.

"मला दर पायरीला दुखतं," तो म्हणाला. "सकाळी उठताना दुखतं. लिफ्टचं काम सुटलं याचं त्याहून जास्त दुखतं. तिथे मला कुणी ओळखत नाही. संध्याकाळी खोलीवर जाऊन काय करणार, या विचारानं झोप लागत नाही. आणि तू बरं म्हणालीस ना... त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. तू मला हवी आहेस. पहिल्या दिवशी, जमीन तुमची म्हटलं ना, तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस, लंबू?"

"तुला काय वाटेल म्हणून."

आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता मी रडले, आणि बहुतेक तोही. मला नीट दिसलं नाही. मग आम्ही त्या ओल्या जिन्यात बसून एकमेकांना आपली सगळी दुखणी सांगितली. लहानपणापासूनची. माझी जास्त निघाली. माणसं प्रेमात काय काय गोड बोलतात, आम्ही तासभर नुसती कुरकुर केली. इतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

"जायला तर लागेल," शेवटी तो म्हणाला. "पगार तिथेच आहे."

"माहितीय. माझी नोकरी इथे, आई इथे. मला लगेच नाही येता यायचं."

"तिथे तळमजल्यावर घर बघतो."

"किती खोल्यांचं?"

"दोघांना पुरेल एवढं. चालेल?"

"सध्या तरी नाही चालणार," मी म्हटलं. "सध्या मला फक्त तू इथे हवा आहेस. पण बघ. बघून ठेव."

सोमवारी पाऊस होता. मी स्टेशनवर गेले, वहिनीला लांब उभं करून. तो 'माझ्यापायी रडू नकोस' म्हणाला नाही, आणि मी 'सुखरूप जा' म्हटलं नाही. मी शेवटपर्यंत "नको जाऊस" असंच म्हणत होते. आणि माझा हात घट्ट धरून, "मलाही नाही जायचं गं, मुळीच नाही जायचं," असं म्हणत म्हणत तो गाडीत चढला.